पळसाला पाने तीनच, पण येतात कधी?

'कुठेही गेलं तरी पळसाला पाने तीनच' ही म्हण आपण सगळ्यांनी शाळेत 'वाक्यात उपयोग करा' मध्ये लिहिली आहे. मी कॉन्व्हेंटवाली. माझ्या वाट्याला मराठी आठवड्यातून मोजक्या तासांपुरतंच आलं, पण ही म्हण तिथेही चुकली नाही. तीन पानं कुठेही तीनच, हे मान्य. पण मित्रमैत्रिणींनो, आपल्या नागपूरच्या माणसानं त्यापुढचा एक प्रश्न विचारायला हवा. ही तीन पानं झाडावर येतात कधी?

फेब्रुवारी-मार्चमध्ये अमरावती रोडनं किंवा जबलपूर रोडनं गावाबाहेर पडा. पळसावर पान शोधून सापडणार नाही, नुसती केशरी फुलं. मग एप्रिल येतो. पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो, कूलरच्या खसच्या जाळ्या बदलून होतात, विहिरी तळाला जातात. आणि नेमक्या ह्याच वेळी हा गडी कोवळी, तुकतुकीत, पोपटी पानं काढायला लागतो! पाऊस यायला अजून दीड-दोन महिने असतात. म्हणजे खिशात पैसे नसताना नवे कपडे शिवायला टाकावेत, तसा हा प्रकार.

हे जमतं कसं, हाच ह्या लेखाचा विषय. मी थर्ड इयर इलेक्ट्रिकलची आहे, बॉटनीशी संबंध बारावीत संपला. पण हा प्रश्न जितका वाचत गेले तितका तो मला आपल्याच सिलॅबसमधला वाटायला लागला. पंप, टाकी, लोड, टायमर... सगळं आहे त्यात.

पुस्तकातली पानगळ आणि आपली पानगळ

आमच्या इंग्लिश रीडरमध्ये चार ऋतू होते. स्प्रिंग, समर, ऑटम, विंटर. ऑटममध्ये थंडी येते म्हणून पानं लाल-पिवळी होतात, गळतात. स्प्रिंगमध्ये बर्फ वितळतो आणि नवी पानं येतात. चित्रं फार सुंदर होती, फक्त नागपूरची नव्हती. आपल्याकडे ऑक्टोबरात झाडं हिरवीगार असतात. पानं गळतात ती जानेवारी ते मार्च, आणि त्याचं मुख्य कारण थंडी नाही. कारण आहे पाणी.

मराठी महिन्यांचे सहा ऋतू मात्र इथे बरोबर बसतात. शिशिर म्हणजे माघ-फाल्गुन, म्हणजे पानगळ. वसंत म्हणजे चैत्र-वैशाख, म्हणजे नवी पालवी. आपल्या भाषेत तर ह्या घटनेला स्वतंत्र शब्दच आहे, 'चैत्रपालवी'. गुढीपाडव्याला आपण कडुनिंबाची कोवळी पानं खातो, ती हीच. शास्त्रज्ञांना ही गोष्ट कोड्यासारखी वाटली. २००६ मध्ये स्टीफन इलियट, पॅट्रिक बेकर आणि रॉल्फ बोर्शर्ट ह्यांनी एक शोधनिबंध लिहिला. त्याच्या शीर्षकातच त्यांनी आशियातल्या मान्सून जंगलांच्या कोरड्या ऋतूतल्या पालवीला 'पॅराडॉक्स', म्हणजे विरोधाभास, म्हटलं आहे. आपले आजी-आजोबा मात्र त्याला चैत्र म्हणून मोकळे झाले होते!

आधी वेळापत्रक बघू

नागपुरात वर्षाला साधारण हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो, पण त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने झाडानं स्वतःचं बघायचं. मे महिना म्हणाल तर २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. (मे २०२४ मध्ये एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले होते. पण तो सेन्सरचा बिघाड निघाला. इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांनी कॅलिब्रेशनचं महत्त्व लक्षात घ्यावं.)

ह्या एकाच वेळापत्रकाला आपल्या भागातल्या झाडांनी वेगवेगळी उत्तरं काढली आहेत. ढोबळमानानं तीन गट पडतात.

पहिला गट 'अदलाबदल'वाल्यांचा. कडुनिंब, करंज, पिंपळ. जुनी पानं गळतात न गळतात तोच नवी हजर. झाड उघडं पडतं ते अगदी थोडे दिवस.

दुसरा गट 'छोटी सुट्टी'वाल्यांचा. पळस, मोह, तेंदू, ऐन, बेल, कुसुम. काही आठवडे ते दोनेक महिने बिनपानांचे राहतात आणि पावसाची वाट न बघता मार्च ते मेमध्ये पालवतात.

तिसरा गट 'पाऊस येऊ दे, मग बघू'वाल्यांचा. साग आणि सालई ह्यातले. भर उन्हाळ्यात पेंचच्या जंगलात जा, सागाच्या नुसत्या काठ्या उभ्या दिसतात. नवी पानं येतात जूनच्या सुमाराला. टेकड्यांवरचा कांडोळही, ज्याच्या पांढऱ्या खोडामुळे गाइड लोक त्याला 'भुताचं झाड' म्हणून दाखवतात, वर्षातला मोठा काळ असाच उघडा उभा असतो.

बनारस हिंदू विद्यापीठाच्या सी. पी. कुशवाहा आणि के. पी. सिंह ह्यांनी विंध्य पठारावरच्या अशाच कोरड्या जंगलात हा अभ्यास केला, तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच जमिनीवर, एकाच पावसात वाढणाऱ्या जातींचा बिनपानांचा काळ काही आठवड्यांपासून कित्येक महिन्यांपर्यंत वेगवेगळा असतो, असं त्यांना दिसलं. म्हणजे फरक हवामानाचा नाही, डिझाइनचा आहे.

पान म्हणजे लोड

आता डिझाइन समजून घेऊ. फ्लुइड मेकॅनिक्सच्या व्हायव्हात हमखास विचारतात, सक्शन पंप पाणी जास्तीत जास्त किती उंच ओढू शकतो? उत्तर, सुमारे १०.३ मीटर. पण साग तर वीस-पंचवीस मीटर उंच होतो. मग त्याच्या शेंड्यापर्यंत पाणी कसं जातं?

झाडात पंप नाही. पानांमधून पाण्याची वाफ उडते, आणि उडणारं पाणी आपल्या मागच्या पाण्याला ओढतं. खोडातल्या बारीक नळ्यांत पाण्याचे रेणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की पानापासून मुळापर्यंत एक अखंड दोर तयार होतो. ताण पानाकडून बसतो, दोर खालून वर सरकतो. जमीन ओली असते तोवर सगळं सुरळीत. जमीन सुकत गेली की तोच दोर आणखी जोरानं ताणावा लागतो. कोरड्या ऋतूत हा ताण कित्येक मेगापास्कलपर्यंत जातो. एक मेगापास्कल म्हणजे जवळजवळ शंभर मीटर पाण्याचा दाब, ह्यावरून अंदाज करा. ताण फार वाढला की दोर तुटतो आणि नळीत हवेचा बुडबुडा शिरतो. शेतातल्या मोटरमध्ये हवा धरते ना, तसंच. अशा बऱ्याच नळ्या बंद पडल्या की फांदी मेली.

ह्यावर झाडाचा उपाय एकदम इलेक्ट्रिकल आहे. पान हा लोड आहे. सप्लाय कमी पडला की लोड काढून टाका! आपल्या ताई-दादांच्या वेळचं बारा-बारा तासांचं भारनियमन ऐकून माहीत असेल. झाडाची पानगळ म्हणजे स्वतःवर स्वतः लावलेलं भारनियमन. पानं गाळण्याआधी झाड त्यातला नायट्रोजनसारखा किमती माल बराचसा फांदीत परत ओढून घेतं, पानाच्या देठाशी एक थर तयार करून रस्ता बंद करतं आणि मग पान सोडून देतं. म्हणजे पानगळ हा आजार नाही, ती नीट केलेली शटडाऊन प्रोसीजर आहे.

पाणी कुठून येतं?

आता मूळ प्रश्न. पाऊस नाही, मग एप्रिलमधल्या पालवीला पाणी कुठलं?

पहिलं उत्तर, खोलवरचं. वरची वीतभर माती फेब्रुवारीतच कोरडी पडते, गवत वाळतं. पण मोठ्या झाडाची मुळं मुरमात, खडकाच्या भेगांत खोल गेलेली असतात आणि तिथे मागच्या पावसाचा ओलावा शिल्लक असतो.

दुसरं उत्तर, खोडातलं. सालईचं लाकूड हलकं, स्पंजासारखं असतं. त्यात पाणी साठतं, म्हणूनच ती पान नसतानाही जानेवारी ते मार्चमध्ये फुलू शकते. जड, घट्ट लाकडाच्या झाडांकडे अशी टाकी मोठी नसते, त्यांची भिस्त खोल मुळांवर. ऐनाची गोष्ट तर मजेशीर आहे. मार्च २०२४ मध्ये आंध्र प्रदेशातल्या पापिकोंडा राष्ट्रीय उद्यानात वनखात्याच्या लोकांनी ऐनाच्या खोडावरची एक गाठ छेदली आणि आतून पाण्याची धारच लागली. स्थानिक कोंडा रेड्डी आदिवासींना ही गोष्ट आधीपासून ठाऊक होती. (कृपा करून सेमिनरी हिल्सवर जाऊन प्रयोग करू नका. झाडाला जखम होते, ती भरायला वेळ लागतो.)

तिसरं उत्तर मला सगळ्यात आवडलं. पाणी येतं ते पानं गाळल्यामुळेच! हॉस्टेलची टाकी आठवा. सकाळी सगळे नळ चालू असतात तेव्हा टाकी रिकामी, वरच्या मजल्यावर ओरड. पण दिवाळीच्या सुट्टीत हॉस्टेल ओस पडतं तेव्हा तीच करंगळीएवढी धार टाकी काठोकाठ भरते. सप्लाय वाढलेला नसतो, खर्च थांबलेला असतो. झाडाचंही तसंच. पानं गेल्यावर बाष्प उडणं जवळजवळ थांबतं. मुळं मात्र खालून थोडं थोडं पाणी घेतच राहतात. हळूहळू खोड, फांद्या, कळ्या पुन्हा पाण्यानं भरतात. कळी फुगायला लागणारा दाब तयार होतो आणि पालवी फुटते. बाहेरून मेल्यासारखं दिसणारं झाड आतून टाकी भरत असतं.

घंटा कोण वाजवतं?

टाकी भरली तरी 'आता सुरू करा' हे सांगणार कोण? पाऊस तर नाही. बोर्शर्ट आणि मंडळींचं म्हणणं, बऱ्याच जातींमध्ये हे काम दिवसाची लांबी करते.

नागपूर २१ अक्षांशावर आहे. आपल्याकडे डिसेंबरातला सर्वात लहान दिवस आणि जूनमधला सर्वात मोठा दिवस ह्यांत सुमारे अडीच तासांचा फरक असतो. दिवस सर्वात वेगानं वाढतो तो २१ मार्चच्या आसपास. मी कॅल्क्युलेटरवर काढून बघितलं, तेव्हा रोजची वाढ सव्वा मिनिटाच्या जवळपास येते. आपल्याला ती कळतही नाही, पण झाडाच्या पेशींतली रंगद्रव्यं ती मोजू शकतात. पाऊस एखाद्या वर्षी आठ दिवस उशिरा येईल, एखाद्या वर्षी अवकाळी पडेल. दिवसाची लांबी मात्र दरवर्षी त्याच तारखेला तेवढीच. म्हणजे झाडानं सर्वात भरवशाचा टायमर निवडला आहे. अर्थात टायमर एकटा काम करत नाही, टाकी किती भरली आणि गरमी किती ह्यावर तारीख थोडी मागेपुढे होते.

पण इतकी घाई कशाला? जूनमध्ये पाऊस आल्यावर पानं काढली तर काय बिघडतं? दोन फायदे आहेत. एक, कामाचे ओले महिने चारच. पहिल्या सरीला पानं तयार असतील तर पहिल्या दिवसापासून उत्पादन सुरू. पावसानंतर पानं बनवायला घेतली तर त्यातले काही आठवडे वाया. दोन, किडे. पाऊस आला की अळ्या-किड्यांची फौज येते आणि त्यांना कोवळी पानं आवडतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे के. एस. मुरली आणि आर. सुकुमार ह्यांनी तामिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलात हेच तपासलं. कोरड्या ऋतूत लवकर पालवणाऱ्या झाडांची पानं किड्यांनी कमी खाल्लेली आढळली (१९९३). किडे येईस्तोवर पान जून होऊन बसलेलं असतं.

कुसुमाची मार्चमधली लालभडक पालवी हाही ह्याच हिशोबाचा भाग मानतात. कोवळ्या पानातलं लाल रंगद्रव्य कडक उन्हापासून त्याला जपतं. आणि गंमत बघा, आफ्रिकेत झांबिया-झिंबाब्वेच्या मिओम्बो रानातही पावसाच्या आधी, ऑगस्ट-सप्टेंबरात, झाडं अशीच लाल पालवतात. तिकडचा वसंत तेव्हा असतो. दोन खंड, वेगळ्या जाती, पण उत्तर तेच.

आधी फूल, मग पान, मग बी

पानं नसतानाच फुलण्यामागेही गणित आहे. पळस, पांगारा, काटेसावर बिनपानांचे असतात तेव्हा मैना, कोतवाल, सूर्यपक्षी ह्यांना फुलं दुरून दिसतात, मध्ये पानांचा अडथळा नाही. मोहाचं पाहुणेमंडळ वेगळं. त्याची फिकट, गोड वासाची फुलं रात्री उमलतात आणि परागीभवनाचं मोठं काम वटवाघळं करतात. सागाची रीत उलटी, आधी पानं, मग भर पावसाळ्यात शेंड्यावर फुलांचे तुरे.

बियांचं वेळापत्रक तर आणखी काटेकोर. सावरीची बोंडं एप्रिल-मेमध्ये फुटतात आणि कापूस कोरड्या वाऱ्यावर उडतो. पळसाच्या चपट्या शेंगाही मे-जूनच्या वावटळीत भिरभिरत जातात. ओल्या हवेत हे जमलं नसतं. कडुनिंबाच्या निंबोळ्या आणि मोहाचे टोळ मात्र जून-जुलैत पडतात, कारण त्यांच्या बियांची शेल्फ लाइफ फार कमी असते. काही आठवड्यांत ओल मिळाली तर रुजतात, नाहीतर गेल्या. म्हणजे मार्चमध्ये फूल आलं की जूनच्या पावसाशी अपॉइंटमेंट ठरली. एक तारीख चुकली की पुढच्या सगळ्या चुकतात. आपल्या सेमिस्टरसारखंच!

हे जंगल की सव्हाना?

सव्हाना म्हटलं की आपल्याला डिस्कव्हरी चॅनलवरचे सिंह-झेब्रे आठवतात. पण २०११ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये बंगळुरूच्या एनसीबीएसमधल्या जयश्री रत्नम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं की, भारतातल्या ज्या भागांना आपण 'कोरडं पानझडी जंगल' म्हणतो, त्यांतला मोठा भाग खरं तर सव्हाना आहे. विरळ झाडं, खाली भरपूर गवत, अधूनमधून वणवा, जाड सालीची आणि बुंध्यातून पुन्हा फुटणारी झाडं. सालई, ऐन, तेंदू, पळस ह्यांच्याकडे बघा, वर्णन पटतं.

हा नुसता शब्दांचा वाद नाही. 'बिघडलेलं जंगल' म्हटलं की पहिला विचार येतो दाट झाडं लावण्याचा. सव्हाना म्हटलं की कळतं, इथलं गवत, इथली मोकळी जागा आणि उन्हाळ्यातला उघडेपणा हा बिघाड नाही, स्वभाव आहे.

तारखेवर पोट असतं

इथवर सगळं शास्त्र झालं. पण ह्या तारखांवर माणसं जगतात, हे मला आमच्या मेसच्या मावशींमुळे कळलं. त्या देवलापारकडच्या. दरवर्षी मार्चअखेर त्या दोन-तीन आठवडे गावी जातात, आणि दरवर्षी मेसमध्ये कुरकुर होते. एकदा मी विचारलं, मावशी, परीक्षेच्या तोंडावरच कशा जाता हो सुट्टीवर? त्या म्हणाल्या, "मोह काही आपल्या सुट्टीनं पडत नाही बेटा. तो पडते तेव्हाच सुट्टी काढा लागते."

मोहाची फुलं रात्री आणि पहाटे गळतात. उजाडायच्या आत टोपली घेऊन झाडाखाली पोचावं लागतं, नाहीतर गुरं, हरणं, अस्वलं आधी येतात. वेचलेली फुलं अंगणात वाळवायची. ह्या दिवसांत अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाली की फूल काळं पडतं, भाव जातो. विदर्भात मार्च-एप्रिलची गारपीट आपण पेपरात गहू-संत्र्याच्या बातमीत वाचतो, मोह त्या बातमीत फारसा नसतो. गोळा करण्यावर, वाहतुकीवर आणि साठवणुकीवर पूर्वी निर्बंध होते, ते राज्य सरकारनं २०२१ मध्ये उठवले. पण आभाळावर निर्णय कोण घेणार?

मोह संपतो तोच तेंदू येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपं छाटतात, म्हणजे एप्रिल-मेमध्ये नवी, मोठी, लवचीक पानं मिळतात. बिडीला तीच लागतात. पहाटे तोडायची, घरी सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी संकलनाच्या जागी नेऊन मोजून द्यायचे. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर गडचिरोली-गोंदियातल्या अनेक ग्रामसभा हा व्यवहार स्वतः करतात. हंगाम मात्र पंधरा-वीस दिवसांचाच. पान कोवळं असेल तर फाटतं, जून झालं की कडक. मधले थोडे दिवस म्हणजे कमाई.

आणि ह्याच दिवसांत वाघही त्याच रानात असतो. पाणवठे आटलेले, सावली फक्त नाल्याकाठी. झाडाचं वेळापत्रक माणसाला आणि वाघाला एकाच वेळी एकाच जागी आणतं. मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. मावशींना मी विचारलं, भीती नाही वाटत? त्या म्हणाल्या, "वाटते ना. म्हणून आम्ही बाया मिळूनच जातो, बोलत बोलत." त्यानंतर मेसमध्ये निदान आमच्या मजल्याची कुरकुर बंद झाली.

बहावा आणि पंचेचाळीस दिवस

सगळीकडे ऐकू येणारी एक गोष्ट, बहावा फुलला की पंचेचाळीस दिवसांनी पाऊस. तपासून बघू. केरळात बहावा म्हणजे विषूचं फूल, विषू १४ एप्रिलच्या सुमारास. तिथे मान्सून १ जूनच्या आसपास येतो. मधले दिवस मोजा, अठ्ठेचाळीस! आपल्याकडे मान्सून जूनच्या मध्यावर येतो आणि बहावा मेच्या सुरुवातीला भरात असतो. पुन्हा पंचेचाळीसच्या जवळ.

मग झाडाला पाऊस कळतो का? तसं नाही. बहावा आपल्या टायमरवर फुलतो, मान्सून आपल्या टायमरवर येतो, आणि दोन्हीचं मूळ सूर्याच्या उत्तरेकडच्या प्रवासात आहे. दोन घड्याळं एकाच वेळी लावली तर ती जुळतातच, पण एक दुसऱ्याला चालवत नाही. म्हणूनच केरळात काही वर्षं विषूच्या बरंच आधी बहावा फुलून गेल्याच्या नोंदी आहेत, आणि त्या वर्षी मान्सून काही तेवढाच आधी आला असं होत नाही. ही दोन घड्याळं एकमेकांपासून सरकायला लागली तर तोटा झाडाचा, आणि मोह-तेंदूवर जगणाऱ्यांचा.

आपण काय करू शकतो?

सरकली की नाही हे कळायला जुन्या नोंदी लागतात. जपानमध्ये क्योटोच्या चेरीच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासून मिळतात. म्हणून तर २०२१ चा २६ मार्चचा बहर हा तोवरच्या बाराशे वर्षांतला सर्वात लवकरचा, असं त्यांना तेव्हा छातीठोकपणे सांगता आलं. मोहाची तारीख आपल्याकडे मावशींच्या डोक्यात आहे, वहीत नाही.

भारतात 'सीझनवॉच' नावाचा एक उपक्रम आहे. त्यात कुणीही आपलं एक झाड निवडतो आणि दर आठवड्याला फक्त एवढंच नोंदवतो, पानं, फुलं, फळं ह्यांतलं प्रत्येक काहीच नाही, थोडं की भरपूर. दोन मिनिटांचं काम. जर्नल कम्प्लीट करण्यापेक्षा नक्कीच सोपं!

आपल्या कॅम्पससाठी माझी दोन मागणी-वजा-विनंत्या.

एक, उन्हाळ्यात झाड 'वाळलं' म्हणून तोडायची घाई नको. गेल्या एप्रिलमध्ये सायकल स्टँडजवळच्या पळसाबद्दल हीच चर्चा झाली. माळीकाकांनी नखानं फांदीची साल जराशी खरवडून दाखवली. आत ओला हिरवा रंग. "मेलं नाही ते, झोपून राह्यलं," एवढंच ते म्हणाले. खरवडल्यावर हिरवं आणि ओलं दिसलं तर फांदी जिवंत, तपकिरी आणि कोरडं दिसलं तर आणखी दोन-तीन ठिकाणी बघा. शंका असेल तर जुलैपर्यंत थांबा, साग-सालईसारखी मंडळी तेव्हाच उठतात. निर्णय पावसाळ्यानंतर घ्या.

दोन, प्रत्येक हॉस्टेलच्या ऑफिसात एक साधी वही ठेवू या. झाडाचं नाव, जागा, आणि दर शनिवारी पान-फूल-फळ. आपण चार वर्षांत निघून जाऊ, पण वही स्टाफकडे राहील, पुढची बॅच लिहील. दहा वर्षांनी ती वही म्हणजे कॅम्पसचा स्वतःचा डेटा असेल, कुठल्याही वेबसाइटवर नसलेला. मुलींच्या हॉस्टेलची वही सुरू झाली आहे, पहिल्या पानावर सायकल स्टँडचा पळस आहे. बाकीच्या ब्लॉक्सनी आपापली झाडं कळवावीत. मोह कुणाच्या ब्लॉकजवळ असेल तर आधी सांगा, त्याची नोंद कशी ठेवायची हे शिकवायला मावशी तयार आहेत.